खाडीच्या तोंडाशी

पहिला गादा आम्हाला फेरीबोटीवरून दिसला. तो दिसावा म्हणून कुणी काहीही केलं नव्हतं. दाभोळहून धोपाव्याला निघालेली बोट वाशिष्ठीच्या मध्यावर आली होती. गाड्या बंद होत्या आणि बहुतेक मंडळी गाडीतच बसून मोबाईल बघत होती. कठड्याला टेकलेल्या एका मासळीवालीने रिकामी पाटी पायाशी सरकवली आणि समुद्राकडे हात करून शेजारणीला म्हणाली, "बोय आत आली वाटतं. गादे आलेत बघ." मी वळलो. नदीचं मातकट पाणी जिथे समुद्राच्या हिरव्या पाण्याला भिडतं, त्या रेषेवर एक करडी पाठ वर आली, वळली आणि आत गेली. मागोमाग दुसरी आली. तिसरी लहानशी होती, दुसरीला अगदी चिकटून. अकरा वर्षांचा भाचा आमच्याबरोबर होता. बोट धोपाव्याला लागेपर्यंत अकरा वेळा पाठी वर आल्याचं त्याने मोजून सांगितलं.

गादा म्हणजे डॉल्फिन. कोकणातल्या कोळी, खारवी, गाबितांच्या तोंडचा हा शब्द. पर्यटनाच्या पाट्यांवर तो कुठेच सापडत नाही. तिथे सगळीकडे 'डॉल्फिन पॉइंट' असतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं, मी, बायको आणि तिचा भाचा, बाणकोटच्या खाडीपासून देवबागपर्यंत शक्य तितका किनाऱ्याचा रस्ता धरून गेलो. त्या प्रवासात मला जे कळलं ते त्या मासळीवालीच्या एका वाक्यात आधीच आलं होतं. बोय ही मासळी आत आली की गादे येतात. ती आत येते खाडीत. म्हणजे रस्ता ज्या ठिकाणी तुटतो, त्या ठिकाणी.

कोकणच्या किनाऱ्याने सरळ जाता येत नाही. सह्याद्रीतून उतरलेल्या नद्या दर वीस-पंचवीस किलोमीटरवर समुद्राला मिळतात आणि प्रत्येकीची खाडी रस्त्याला आडवी येते. बाणकोटला सावित्री, केळशीला भारजा, आंजर्ल्याला जोग, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, रत्नागिरीला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गाला वाघोटण, देवबागला कर्ली. काहींवर पूल झालेत, काही अजून बोटीने ओलांडाव्या लागतात. रेवसपासून रेड्डीपर्यंत सलग सागरी मार्ग असावा, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळातली, म्हणजे 1980-82 ची. चार दशकं हा रस्ता तुकड्यातुकड्यांनी झाला तो या खाड्यांमुळेच. आता मोठ्या पुलांची कामं हाती घेतली आहेत. ती व्हायला हवीत. दाभोळहून गुहागर तालुक्याचा काठ समोर दिसत असताना गरोदर बाईला चिपळूणच्या वळशाने न्यावं लागणं काय असतं, हे तिथल्या माणसाला विचारावं. तरीही खाडीवरून जाणारी ती दहा-पंधरा मिनिटं या किनाऱ्याची ओळख करून देतात, इतकं मी नोंदवून ठेवतो.

आपल्या किनाऱ्याजवळचा गादा म्हणजे बहुतेक वेळा हंपबॅक डॉल्फिन. त्याच्या पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा लांबट उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यावर लहानसा पर. अंग शिसवी करडं, लांबी अडीच मीटरच्या आसपास. चित्रपटांत हवेत कोलांट्या मारणारा तो हा नव्हे. हा बुजरा आहे. पाठ दाखवतो, श्वास घेतो, जातो. उथळ पाणी त्याला लागतं, साधारण वीस-पंचवीस मीटर खोलीपर्यंतचं. खोल दर्यात तो फारसा जात नाही. खाडीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचाच, तिथे तो आवाज सोडून त्याच्या पडसादावरून मासा हेरतो. बोय, तारली, ढोमी, माकूल हे त्याचं खाणं, आणि तेच आपल्या ताटातलंही. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, ते काही वर्षं आईबरोबर राहतं. माणसाच्या इतक्या जवळ, माणसाच्याच जेवणावर आणि इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याचं जे व्हायचं ते झालं आहे. जागतिक लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे. वाघ बघायला आपण ताडोब्याला जातो, परवाना काढतो, नियम पाळतो. गादा बघायला जाताना यातलं काही आठवत नाही.

दाभोळच्या आधी दोन दिवस आम्ही बागमांडल्याहून सावित्री ओलांडून वेसवीला उतरलो होतो आणि मुक्कामाला वेळासला गेलो होतो. नाना फडणवीसांचं हे गाव. आता ते कासवांचं गाव म्हणून जास्त ओळखलं जातं. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने 2002 मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. त्याआधी अंडी काढून विकली जात. जी माणसं अंडी शोधण्यात वाकबगार होती त्यांच्यातलेच काही पुढे ती राखायला लागले, कारण वाळूवरचा माग त्यांच्याइतका कुणाला वाचता येत नव्हता. मला या सगळ्या हकिगतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घराघरांत पाहुणे उतरू लागले.

पहाटे पुळणीवर गेलो तेव्हा काळोख पुरता सरला नव्हता. जाळीच्या कुंपणात घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या. कासवमित्राने एकेक टोपली उचलून पाहिली. चौथीच्या खाली वाळू हलत होती. तळहाताच्या निम्म्याएवढी काळी पिल्लं, सोळा होती. दोरीमागे आम्ही चाळीस-पन्नास माणसं होतो आणि कुणाचाही आवाज नव्हता. लाटेपासून काही अंतरावर त्यांना सोडलं, ती आपली आपण चालत गेली. पहिल्या लाटेने तिघांना परत ढकललं, दुसरीने नेलं. भाच्याने विचारलं, "मावशी, ती परत येणार का?" बायकोने हात वर केले.

उत्तर आम्हाला गुहागरला मिळालं. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या जन्मल्या त्याच भागात अंडी घालायला येतात आणि पूर्व किनाऱ्यावरची कासवं व पश्चिमेची वेगळी, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. 2022 च्या सुरुवातीला वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली. पहिलीचं नाव प्रथमा ठेवलं होतं. पुढच्या वर्षी गुहागरची बागेश्री कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेच्या पलीकडे बंगालच्या उपसागरात गेली. आणि जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर धातूची पट्टी सापडली. पट्टीवरचा आकडा 03233. ती मार्च 2021 मध्ये ओडिशात, गहिरमाथ्याला लावलेली होती. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास करून ती गुहागरला आली होती. गुहागरच्या सुरूच्या बनातून पुळणीवर उतरताना मला त्या मादीची आठवण होत होती. तीन समुद्रांचं पाणी पाहून तिने ही जागा पसंत केली. रात्री त्या पुळणीवर झगझगीत दिवे लावू नयेत, एवढं तरी तिचं आपल्याकडे मागणं असेल.

दाभोळच्या आधी लागणाऱ्या केळशीच्या वाळूच्या टेकडीकडे बहुतेक प्रवासी वळत नाहीत. भारजेच्या मुखाशी दोन मजली घराहून उंच असा तो वाळूचा ढीग आहे. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांना तिच्या पोटात खापरं, हाडं आणि बहमनी काळातली नाणी मिळाली आणि ही वाळू एका प्रचंड लाटेने आणून टाकली असावी, असं त्यांनी मांडलं. वास्को द गामाच्या शेवटच्या सफरीत, 1524 मध्ये, दाभोळच्या समुद्रात वारा नसताना जहाजं थरथरू लागल्याची नोंद पोर्तुगीजांनी केली आहे. टेकडी आणि तो धक्का यांची सांगड सगळ्या अभ्यासकांना पटलेली नाही. पण आम्ही त्या टेकडीच्या पायथ्याशी उभे होतो, समोर खाडी निवांत पडली होती आणि वाळूतून कुणा अज्ञात घरातल्या मडक्याचा काठ डोकावत होता. समुद्राबद्दल फार ओळखीने बोलू नये, असं तेव्हा वाटलं.

एका प्रसिद्ध पुळणीवर आम्हीही गादे बघायला बोटीत बसलो. जागेचं नाव देत नाही, कारण जे झालं ते किनाऱ्यावर कुठेही होऊ शकतं. सकाळचे आठ. लाइफ जॅकेटं घालून दहा माणसं. अर्ध्या तासात बोटवाल्याला पर दिसला आणि त्याने फोन लावला. बघता बघता सात बोटी जमल्या. गादे चार होते, त्यांत एक पिल्लू. ते वर आले की सातही बोटी तिकडे वळत, ते बुडाले की पुढे कुठे निघतील याचा अंदाज बांधून आडव्या जात. माणसं ओरडत होती, टाळ्या वाजवत होती. मीही सुरुवातीला उभा राहून फोटो काढत होतो. मग लक्षात आलं की पिल्लू प्रत्येक वेळी आईच्या आधी वर येतंय. त्याला तितका वेळ श्वास रोखता येत नाही. आई खाली जायची, पिल्लाला दम पुरायचा नाही, ते वर यायचं ते थेट बोटींच्या मध्ये. मी खाली बसलो आणि बोटवाल्याला म्हणालो, "दादा, मागे घ्या." तो म्हणाला, "साहेब, मागच्यांना अजून दिसला नाही. पैसे परत मागतील." त्याचं खोटं नव्हतं. डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत मागणारे आपणच.

पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपट वेगाने जातो. ज्या प्राण्याचं शिकार करणं, पिल्लाशी बोलणं, वाट काढणं सगळं आवाजावर चालतं, त्याच्याभोवती सात इंजिनं म्हणजे काय, याची कल्पना करायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

हेदवीला दशभुज गणपतीचं दर्शन घेऊन खाली बामणघळीवर गेलो. काळ्या कातळातली ती अरुंद घळ. भरतीची लाट आत शिरते आणि टोकाला कोंडून उंच फवारा उडतो. ओहोटीला तिथे काही नसतं, वेळ बघून जावं. मग तवसाळहून जयगड, पुन्हा बोट, पुन्हा आम्ही कठड्याला. शास्त्रीच्या मुखाशी त्या दिवशी काही दिसलं नाही. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर 2023 मध्ये देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं होतं. गावकरी, वनखातं, मच्छीमार सगळ्यांनी दिवसरात्र खपून, ओल्या कापडांनी त्याचं अंग भिजतं ठेवून त्याला समुद्रात नेऊन सोडलं. ते पुन्हा किनाऱ्याला आलं आणि मेलं. त्या पुळणीवरचा नारळवाला ते सांगताना थांबला होता.

रत्नागिरीत भाच्याची चैन झाली. गावाच्या एका अंगाला मिऱ्याकडे पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र. एकाच गावच्या दोन पुळणी, मध्ये रत्नदुर्गाचा डोंगर. मांडवीची वाळू ओली असताना कोळशाच्या भुकटीसारखी दिसते. हा काळेपणा घाण नाही. सह्याद्रीचा बेसॉल्ट आणि जांभा झिजून त्यातली जड खनिजं लाटांनी निवडून इथे ठेवली आहेत. त्यांत इल्मेनाइट आहे, ज्यातून टायटेनियम मिळतं, आणि मॅग्नेटाइटही. भाच्याने खिशातून लोहचुंबक काढलं, कागदात गुंडाळून वाळूत फिरवलं, तर त्याला दाढी फुटली. पुढे मालवणच्या आसपास बेसॉल्टचा प्रदेश संपतो, त्याहून जुने, गारगोटीचे खडक सुरू होतात आणि वाळू पिवळसर-पांढरी होत जाते. मोटारीत बसून दगड बदलल्याचं कळत नाही. पुळणीवर उतरून मूठभर वाळू हातात घेतली की कळतं.

विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर या पट्ट्यावर आम्ही फार रेंगाळलो नाही. तळाशीलला मात्र दोन दिवस राहिलो. गड नदी समुद्राला मिळण्याआधी किनाऱ्याला समांतर वळते, आणि नदी व समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक लांबट पट्टी उरते. तिच्यावर माड, घरं, होड्या, मंदिर, सगळं. एका ओसरीवरून समुद्र दिसतो, परसातून खाडी.

सकाळी तिथे रापण ओढली जात होती. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकून आणलं होतं, दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर होते आणि दोन्हीकडे वीस-पंचवीस माणसं पाय वाळूत रोवून मागे सरत होती. म्हातारे होते, शाळेतली पोरं होती. दोराला हात लावला त्याला वाटा, हा रापणीचा रिवाज. दोन तास ओढल्यावर जाळं आलं. तारली, पेडवे, थोडे बांगडे, खेकडे. पूर्वी एका रापणीला होड्या भरत, असं सगळे सांगत होते. मोठ्या ट्रॉलरनी आणि पर्ससीन जाळ्यांनी समुद्र आधीच चाळलेला असतो.

जाळं पुळणीपासून शंभरेक हातांवर असताना त्याच्या बाहेरच्या अंगाला दोन पाठी दिसल्या. मी ओरडणार होतो. दोरावरचे एक सत्तरीचे आजोबा शांतपणे म्हणाले, "ते रोजचेच. आमच्याआधी त्यांका कळता मासो खंय आसा ता."

मी त्यांना विचारलं, गादे जाळं फाडतात ना?

"फाडतत तर. वावरी फाडतत. पंधरा-वीस हजाराचा जाळा एका रात्रीत चिंध्या." मग दोर खांद्यावर नीट घेत म्हणाले, "पण गादो दिसलो नाय त्या दिवशी मासो पण नसता. मग राग कोणावर धरूचो?"

कोकण सिटेशियन रिसर्च टीम या तरुण अभ्यासकांच्या गटाने सिंधुदुर्गात गावोगावच्या मच्छीमारांशी बोलून गाद्यांबद्दलचं त्यांचं ज्ञान नोंदवलं, त्यात हीच गुंतागुंत आहे. नुकसान आहे, राग आहे आणि सोबतही आहे. गाद्याला मारायचं कुणाच्या मनात नसतं, तरी तो जाळ्यात अडकतो आणि वर येता न आल्याने गुदमरतो. मासा नव्हे तो, त्याला हवा लागते. संरक्षित प्राणी अडकला आणि त्याला सोडवायला जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने 2018 मध्ये सुरू केली. कापलेल्या जाळ्यातून सुटणारा प्राणी आणि नंतर हातात पडणारे पैसे, हा व्यवहार मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरा वाटतो. तो वेळेवर आणि हेलपाट्यांशिवाय होत राहिला पाहिजे, कारण जाळं कापायचा निर्णय रात्री दोन वाजता, डुलत्या होडीत, एकट्या माणसाला घ्यायचा असतो.

देवबाग हे आमचं शेवटचं ठिकाण. तळाशीलसारखीच ही पट्टी, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, टोकाला संगम. तिथल्या वाळूच्या एका बेटाला 'त्सुनामी आयलंड' म्हणतात, ते 2004 च्या लाटेनंतर वर आलं असं सांगतात. त्याच्यावर आता खेळांच्या बोटींची गर्दी असते. समोरच्या भोगव्याच्या पुळणीवर एवढा गलबला नाही. देवबागच्या समुद्राकडच्या बाजूला दगडांचा बंधारा आहे, कारण दर पावसाळ्यात समुद्र थोडं थोडं गाव नेतो.

इथे आम्ही दुसऱ्यांदा बोटीत बसलो, यावेळी ठरवून. पहाटे, एकच बोट, आम्ही तिघंच. तांडेल तिशीचा होता. त्याला आधीच सांगितलं होतं की पाठलाग करायचा नाही, नाही दिसले तरी पैसे पूर्ण. तो हसला आणि म्हणाला, "मग तुमका दिसतले." संगमाच्या बाहेर येऊन त्याने मशीन बंद केलं. नांगर टाकला नाही, बोट पाण्याबरोबर डुलू दिली. सुकती लागली होती, कर्लीचं पाणी बाहेर ओढलं जात होतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. भाचा चुळबुळायला लागला. तांडेल म्हणाला, "थांब रे वायच. आपसूक येतले."

आधी आवाज आला. कुणीतरी पाठीमागे जोरात नि:श्वास टाकावा तसा, ओला. आम्ही तिघंही वळलो. बोटीपासून तीस हातांवर पाठ होती, वशिंड स्पष्ट, पराची मागची कड फाटलेली. तिच्यामागे आणखी पाच. ते आमच्याकडे आले नाहीत आणि आमच्यापासून पळालेही नाहीत. नदी जे बाहेर घेऊन येत होती त्याच्या वाटेवर ते आडवे पसरले होते आणि आपलं काम करत होते. एकाने शेपटी पाण्यावर आपटली, बोयीचा थवा चांदीसारखा उडाला. पाऊण तास. तेवढ्यात भाच्याने एकही फोटो काढला नाही. मशीन सुरू करण्याआधी तांडेलाने हात जोडल्यासारखं काहीतरी केलं, आम्ही ते पाहिलं नाही असं दाखवलं.

त्याला ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे दिले. असे पैसे देणारे वाढले तर किनाऱ्यावरचे दर आणि रीत दोन्ही बदलतील, एवढी या धंद्यात आपली सत्ता आहे. तेव्हा या हिवाळ्यात कोकणात उतराल तर बोटीत बसण्याआधी तांडेलाला सांगा: लांब थांब, मशीन बंद कर, दुसरी बोट असेल तर आपण जायचं नाही, आणि दिसले नाहीत तरी तुझे पैसे पूर्ण. आणि फेऱ्या चालू आहेत तोवर बागमांडला, दाभोळ, तवसाळ यांपैकी एखादी खाडी बोटीने ओलांडा. गाडी चढली की खाली उतरा. दक्षिणेकडे जात असाल तर उजव्या कठड्याला उभे राहा. समुद्र त्या बाजूला असतो.